सिल्वेरियो नेमका कुणाकडून?

आमच्या रोब्रेदा गावचा सिल्वेरियो अठरा वर्षं परदेशात फुटबॉल खेळला, पण तो कुठे खेळतो हे गावाला कधीच धड ठाऊक नव्हतं. तो पोलंडात गेला म्हणून आम्ही त्याला पोलंडवाला म्हणायला लागलो, तर ते नाव जिभेवर रुळेपर्यंत तो सायप्रसला पोचलेला. सायप्रसवाला म्हणावं, तर तो जॉर्जियात. त्याची आई बेनिल्दे गोठ्याच्या दारावर देशांची नावं खडूनं लिहून ठेवायची, आणि गाय त्यावर पाठ घासून ती पुसून टाकायची.

एकोणचाळिसाव्या वर्षी, ऑगस्टात, तो घरी परतला. उजवा गुडघा कामातून गेला होता. सप्टेंबरात शस्त्रक्रिया ठरलेली, त्यानंतर धावणं बंद. त्याआधी त्याला एकच गोष्ट हवी होती, की आईनं त्याला एकदा तरी खेळताना पाहावं. ती कधी विमानात बसली नव्हती, आणि त्याचे सामने दाखवणारी वाहिनी आमच्या डोंगरात कधी लागली नाही.

ऑगस्टातल्या सान रोके या संताच्या जत्रेत वरच्या खळ्यावर सडे विरुद्ध लग्न झालेले असा सामना होतो. हरतील त्यांनी गावच्या दगडी टाकीतलं शेवाळ घासायचं. विधुर लग्नवाल्यांत आणि साखरपुडा झालेला सड्यांत, हे आजोबांच्या वेळेपासूनचं. तिसऱ्या प्रकारचा माणूस आमच्याकडे नसतो.

लग्नवाल्यांचा कप्तान हिलारियो खाटीक. त्यानं दारूच्या गुत्त्यात सिल्वेरियोला सहज विचारलं, लग्न झालंय ना तुझं?

"झालं होतं," सिल्वेरियो म्हणाला.

"होतं म्हणजे? आहे की नाही?"

"खरं सांगू का, हिलारियो? मलाच माहीत नाही."

मग त्यानं सांगितलं ते असं. जॉर्जियात त्यानं नातिया नावाच्या मुलीशी लग्न केलं. तिसऱ्या वर्षी तिनं काही कागद पुढे ठेवले. अक्षरं वेलीच्या तणाव्यांसारखी, त्याला एक वाचता येईना. घरभाड्याचे असतील म्हणून त्यानं सह्या केल्या. तिनं रडत मिठी मारली आणि ती बहिणीकडे राहायला गेली. त्याच आठवड्यात संघानंही त्याला दुसऱ्या शहराला विकलं, त्यामुळे कुणी कुणाला सोडलं हे त्याला कळलंच नाही. आता तिचा नंबर लावला की एक म्हातारा उचलतो आणि खूप वेळ प्रेमानं काहीतरी बोलतो.

सड्यांचा कप्तान निकानोर. वय अडुसष्ट, आणि सड्यांत त्याच्याइतका जुना कुणी नाही. तो लगेच पुढे सरकला. "रडत मिठी मारली ना? मग मोकळा झाला तो. आम्हाला द्या."

"माझी बायको रोज सकाळी रडते," हिलारियो म्हणाला. "तिनं काय मला सोडलंय?"

"विचारून बघ की एकदा."

गुत्ता हसला, पण निकाल लागेना. पाद्रीबाबांना विचारलं. लग्न तिकडच्या, वेगळ्या पंथाच्या दाढीवाल्या पाद्र्यानं लावलेलं, तेव्हा ते मोजायचं कसं हे पाहायला त्यांनी नाताळपर्यंत मुदत मागितली. जत्रा तर चार दिवसांवर. कुणी म्हणालं, मग याला बाहेरच बसवा.

तेव्हा सिल्वेरियोचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "अर्धा सामना यांच्याकडून खेळतो, अर्धा त्यांच्याकडून. अर्ध्या हंगामात जर्सी बदललीय मी, चारदा. सवय आहे मला."

सामन्याच्या दुपारी बेनिल्दे स्वयंपाकघरातली खुर्ची घेऊन खळ्याच्या कडेला बसली. कुणाच्या बाजूनं ओरडायचं हे कुणी तिला सांगू शकलं नाही, म्हणून ती गप्पच राहिली. सिल्वेरियो बचावपटू, म्हणजे गोल होऊ न देणं हेच त्याचं काम; पहिल्या अर्ध्यात तो सड्यांच्या गोलापुढे उभा. दोन पावलं डावीकडे, तीन उजवीकडे, हातानं खुणा, तोंडानं चार देशांतले शब्द, त्यातला एकही कुणाला कळेना. लग्नवाले धावत यायचे आणि चेंडू काही कारण नसताना बाहेर जायचा. मग त्यानं जर्सी बदलली, पलीकडे जाऊन उभा राहिला. आता सड्यांचा चेंडू बाहेर जायला लागला.

एकही गोल झाला नाही. खळ्यावर असं कधी घडल्याचं म्हाताऱ्यांनाही आठवेना. लोक चुळबुळत उठले. टाकी घासायची कुणी यावर वाद पेटला. हिलारियोनं मला हळूच विचारलं, अठरा वर्षं लोकांनी याला यासाठी पैसे दिले?

सिल्वेरियो लंगडत आईपाशी आला आणि पाय लांब करून तिच्या खुर्चीशी जमिनीवर बसला.

"पाहिलंस ना, आई?"

"पाहिलं की." ती जरा अवघडली. "पण बाळा, तू जिथे उभा होतास तिथे काही घडलंच नाही रे. दोन्ही वेळा."

त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"परत सांग," तो म्हणाला.

ती गोंधळली. मुलगा दुखावला की काय, असं वाटून तिनं आमच्याकडेही एकदा पाहिलं. मग त्याच्या घामट केसांवर हात ठेवून तिनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं, आधीपेक्षा हळू.