चुलत्यांचा चष्मा
चुलते वारले तेव्हा त्यांची घोंगडी एकाने घेतली, काठी दुसऱ्याने. वडिलांना जवळचं दिसत नव्हतं, म्हणून चष्मा त्यांना मिळाला. "भावाचा हाय, लई झ्याक दिसतंय," म्हणायचे. तोच घालून पाच वर्षं मेंढरं राखली. पुढे मला पावलांच्या आवाजावरून ओळखू लागले. मी म्हणालो, म्हातारपण.

मी कळंबला विज्ञान शिकवायचो. वडील गेल्यावर तो चष्मा वर्गात नेला. बहिर्गोल भिंग ऊन एका ठिपक्यात गोळा करतं, हे दाखवायला कागदावर धरला. ठिपका पडेचना, नुसती सावली. काच अंतर्गोल होती, लांबचं न दिसणाऱ्याची.

'जवळचं न दिसणाऱ्याला कोणतं भिंग?' या प्रश्नाला चुकणाऱ्या पोरांना भोपळा देणाऱ्या मला, वडिलांच्या नाकावरचा चष्मा एकदाही उन्हात धरावासा वाटला नाही.