फारम भरायचा शेवटचा दिवस

कुंताबाई वलथरे माझी मोठी जाऊ. घरी आम्ही तिले मोठी बाई म्हणतो, बाहेर सारे आमदारबाई म्हणत. पाच वेळा निवडून आली, पण मंत्र्याची गाडी काही आमच्या दारात उभी राहिली नाही. "तुमाले मंत्री काहून करत नाहीत?" मी इचारलं की म्हणे, "बेबी, तिथं बोलणाऱ्यायले देतात. मी ऐकणारी." अशी बाई! माझ्या तं अंगाची आग होत जाय.

तिचे मालक लक्ष्मणराव आमच्या गावच्या मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष होते. ते वारले अन् पक्षानं हिले उभं केलं. पहिल्या खेपेले फारम भरायले निघाली, तं ओटी कोण भरन? विधवा बाईची नारळानं ओटी भरत नाहीत ना! मंग सोसायटीच्या ढिवरायनं गावच्या तलावात जाळं फेकलं अन् पहिली रोहू तिच्या पदरात टाकली. म्हणाले, ही आमची ओटी. ओला पदर घेऊन तशीच गेली अन् निवडून आली. तवापासून दर निवडणुकीले तेच. मासोळी पदरात पडल्याबिगर बाई फारम भरायले जाय नाही.

कामं केली नाहीत असं नाही. हिवाळी अधिवेशनात नागपूरच्या आमदार निवासात तिच्या खाटेवर लाखांदूरकडचे पेशंट झोपत, अन् बाई खाली सतरंजीवर. माझ्या मालकाच्या, मारोतरावाच्या, छातीत स्प्रिंग बसवली तवा दवाखान्याच्या दारात तीच बसून होती. पण सभागृहात? पक्षानं हात वर करा म्हटलं की हिचा हात वर. तलाव बाहेरच्या ठेकेदारायले द्यायचं ठरलं, तवाही तिनं तोंड उघडलं नाही. मी लय भांडली. तं म्हणे, "बोलली तं तिकीट जाईन. मंग मी तुमच्या कोणत्या कामाची?"

झालं. तलाव गेला. आंधळगावकडच्या गुलाबसेठनं घेतला, धानाचा व्यापारी तो. तलावाच्या पाळीवर, बांधावर, त्याचे चौकीदार बसले. अन् यंदा बाईचं तिकीटही गेलं, त्याच गुलाबसेठले! साधा फोन नाही कोणाचा. टीव्हीवर पाहून मालूम पडलं. दोन दिवस बाई ताटावर बसली नाही.

तिसऱ्या दिवशी उठली अन् म्हणाली, "बेबी, मी अपक्ष उभी राहतो. पडली तं पडली. पण गावोगाव जाऊन तलावाचं बोलतो. आता मले कोण चूप बसवन?" काय सांगू, इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते आमदारकीचं लुगडं तिले शोभून दिसलं.

अन् आमच्याच माणसायनं घोळ केला. शेवटच्या दिवशी पहाटे मारोतराव अन् सोसायटीचे चौघं जाळं घेऊन तलावावर गेले. तलाव आता आपला नाही, हे त्यायले मालूम नव्हतं का? होतं. पण बाईचं फारम अन् तलावाची मासोळी नाही, हे त्यायच्या डोक्यातच शिरेना. बाजारातून आणली असती ना बाबा एखादी! चौकीदारायनं जाळ्यासकट धरलं अन् चोरीच्या तक्रारीसाठी ठाण्यात नेलं.

आम्ही दोघी धावत गेलो. जो जमादार बाईले पाहून उठून उभा राहे, त्यानं मोबाइलमधून मान वर केली नाही. "बसा मॅडम, साहेब बाहेर गेले आहेत." बाईनं फोनावर फोन लावले. ज्यायले ज्यायले तिनं मोठं केलं, त्या साऱ्यायचे फोन वाजत राहिले. आतमध्ये मारोतराव ओल्या कपड्यानं बसले होते, छाती चोळत.

बारा वाजून गेल्यावर गुलाबसेठ आला. बाईच्या पाया पडला, मेला! म्हणे, "वैनी, माझं कोणाशी वैर नाही. तक्रार देत नाही मी. तुमी फक्त फारम भरू नका. तीन वाजता फारमाची मुदत संपली की माणसं घरी."

मी म्हटलं, "बाई, तुमी जा! भरा फारम. इथं मी पाहून घेतो." पण म्हणता म्हणता माझी नजर गेली मारोतरावाच्या हाताकडं. ते अजून छातीच चोळून राहिले होते. मी ढसाढसा रडली. बाई माझ्या बाजूले बाकावर टेकली अन् भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहत राहिली. ड्रायव्हर दोनदा येऊन गेला, "बाई, उशीर होऊन राहिला." तिसऱ्यांदा तो आलाच नाही.

तीन वाजले. गुलाबसेठ बोलला तसा वागला. जमादारानं पाचही जणायले सोडलं.

मारोतराव बाहेर आले ते हसत. "पाहा लेकहो, म्हटलं होतं ना मी! तिकीट कटलं तं काय झालं? वैनीनं एका शब्दात सोडवलं आपल्याले. अजून किती वजन आहे पाहा वैनीचं!" अन् ठाण्याच्या फाटकातच पाचही जण वरडाले लागले, कुंताबाईचा विजय असो! विजय असो!

बाईनं सवयीनं हात जोडले. त्यायले सांगतलं काहीच नाही.