मधली उघडीप

"सप्टेंबरात घर सोडून कुनी जातं व्हय गं? तुजं डोकं ठिकानावर हाय का?"

थेरेझिन एका हाताने फोन कानाला धरून दुसऱ्या हाताने तव्यावरचं फरिन परतत होती. फरिन म्हणजे कसावाचा भाजलेला रवा. आपला साबुदाणा ज्या कंदाचा होतो, त्याच कंदाचा. तवा एवढा मोठा की लहान पोर त्यात झोपवावं. धुरानं तिचे डोळे लाल झाले होते आणि लेक तिकडे मायामीत बसून तिला जहाजाच्या सहलीला चल म्हणत होती.

"अगं माय, वादळाचं दिस हायत म्हनून तर तिकिटं स्वस्तात मिळाली," वर्निस म्हणाली. "साठ वर्सं धक्क्यावर हुबी ऱ्हाऊन जहाजं बगितलीस. येकदा आतनं बग की."

"आनि वादळ आलं म्हंजी?"

हे उत्तर तिच्या नवऱ्याने, फिल्बर्टने दिलं. तो उंबऱ्यावर बसून जाळं सांधत होता. "वादळ आलं तर जहाज पळून जातंय. आपलं घर कुटं पळतंय? तू जा. त्ये जहाज फिरत फिरत हितंच येनार हाय न्हवं? मी धक्क्यावर हुबा ऱ्हातो, देवळात जायचा सदरा घालून. तू मडमीगत उतर आनि माज्याकडनं कसावाची भाकर इकत घे. घासाघीस केलीस तर देनार न्हाई, आदीच सांगून ठिवतो."

थेरेझिन हसली. हसली तिथंच फसली.

डोमिनिका बेटाच्या पश्चिमेला, डोंगर आणि समुद्र यांच्या चिमटीत ते गाव आहे. गावात मासेमारी करणारे पुरुष आणि वरच्या उतारावर कसावा, अळकुड्या, केळी लावणाऱ्या बाया. थेरेझिनच्या हातची कसावाची भाकर खाल्ल्याशिवाय गावात कुणाचं बारसं झालं नाही की मयत उठलं नाही. कंद सोलायचे, किसायचे, किसाचं विषारी पाणी पोत्यात घालून पिळून काढायचं, मग भाजायचं. पिळण्यात चूक झाली तर माणूस मरतो. तिच्या हातून ती कधी झाली नाही. वादळाचे दिवस जवळ आले की लोक तिच्या दारात डबे घेऊन उभे राहत, कारण फरिन महिनोन्‌महिने टिकतं आणि ते खायला चूल लागत नाही. म्हणजे ज्या दिवसांत बाकीच्यांची कामं बंद, त्या दिवसांत तिला श्वास घ्यायला फुरसत नसायची.

आणि त्या दिवसांत तिला आणखी एक काम असायचं. ते तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाला जमण्यासारखं नव्हतं. नवऱ्याला धरून बसण्याचं.

ते असं. वादळ त्या गावावर येतं ते आधी उत्तरेकडून. घरं हलतात, पत्रे उडतात, पण समुद्र डोंगराच्या आडोशाला गप्प असतो. मग एकाएकी वारा पडतो. ऊन पडावं असा उजेड येतो, पाखरं दिसतात. वादळाचा पोकळ मधला भाग डोक्यावर आलेला असतो. ही मधली उघडीप. परक्याला वाटतं वादळ गेलं. गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की गेलेलं नाही, अर्धं बाकी आहे, आणि आता ते दक्षिणेकडून, समुद्र अंगावर घेऊन येणार आहे. पण ठाऊक असतं म्हणूनच तर घात होतो. गडी बाहेर बघतो. खाली होडी धड दिसते. त्याला वाटतं, दुसरा अर्धा यायच्या आत एवढी होडी वर ओढून टाकावी. किती वेळ लागतोय? उघडीप कधी तास टिकते, कधी चिलीम ओढून होत नाही तोवर संपते. ते मात्र कुणालाच ठाऊक नसतं.

थेरेझिनचा बाप असाच गेला. ती तेव्हा परकर नेसायची. बाप म्हणाला, "तेवडी होडी वर वढून येतो," आणि आईनं कोपऱ्यातला दोर उचलून त्याच्या हातात दिला. माणसाला कामाला जाताना हत्यार द्यावं तसा. पुढं आई कितीतरी वर्षं जगली, पण त्या घरात कुणी कुणाच्या हातात दोर दिला नाही. जमिनीवर ठेवायचा, दुसऱ्याने उचलायचा.

लग्न झालं त्या आठवड्यातच थेरेझिनने फिल्बर्टला सांगितलं, "मला मारायचं न्हाई. रम प्यायची ती घरात. आनि उघडीपीत भाईर पाय ठिवायचा न्हाई." पहिल्या दोन गोष्टी त्याने आपणहून पाळल्या. तिसरी ती स्वतः पाळून घ्यायची. वादळ आलं की वाऱ्याकडच्या खिडक्या बंद, आडोशाची एक उघडी, म्हणजे घर श्वास घेतं आणि छप्पर फुगून उडत नाही. उघडीप पडली की बाजू बदलायची. तेवढं फिल्बर्टने करायचं. मग तो खाली बसायचा आणि ती त्याच्या कमरेच्या पट्ट्यात मूठ अडकवून भिंतीला पाठ लावून बसायची. दुसरा अर्धा सरेपर्यंत सोडायची नाही. गावात हसायचे लोक. "फिल्बर्टला बायकोनं शेरडागत बांदलाय." फिल्बर्टही चावट. उघडीप पडली की मान वर करून ओरडायचा, "बेंऽऽ!" शेजारच्या घरातून एझलिन तेवढ्याच जोरात ओरडायची, "पाला टाक गं त्याला!"

वर्निस त्या घरात वाढली. आईच्या मुठीतला पट्टा तिनं पाहिला होता. पण मायामीच्या वृद्धाश्रमात दिवसभर परक्या म्हाताऱ्यांना उचलून ठेवता ठेवता तिला वाटायचं, आपल्या आईला एकदा कुणीतरी वाढून द्यावं. तिचं काय चुकलं?

जहाजावर थेरेझिनला वाढून देणारे पुष्कळ होते. एवढं अन्न तिने एका जागी कधी पाहिलं नव्हतं. उरतं ते कुठं जातं, हे तिने दोनदा विचारलं. खोली आवरायला लेनॉक्स नावाचा, सेंट व्हिन्सेंट या जवळच्याच बेटावरचा पोरगा यायचा. ती त्याच्या आधी उठून पलंग आवरून ठेवायची. तो म्हणायचा, "मावशी, माजी नोकरी घालवनार तुमी." ती म्हणायची, "तू बस. केळं खा."

मग एका सकाळी भोंग्यातून कप्तानाचा आवाज आला. पुढं मोठं वादळ तयार झालंय, पण काळजीचं कारण नाही. जहाज तोंड फिरवून पश्चिमेला जाईल, मेक्सिकोच्या बाजूला, तिथं छान ऊन आहे. जेवणघरात लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका माणसाने पेला उंचावला.

थेरेझिनने भिंतीवरच्या पडद्याकडे बघितलं. लाल भोवरा, आणि त्याच्या वाटेत बोटाच्या नखाएवढं बेट.

"वर्निस, त्ये आपलं गाव."

वर्निसने काटा खाली ठेवला.

थेरेझिन उठली ती चौकशीच्या खिडकीशी. तिथल्या पोरीला म्हणाली, "बाई गं, कप्तानाला सांग, मला कुटंबी उतरवा. म्होरलं मी बगते." पोरगी गोड होती. मॅडम, तुम्ही इथं अगदी सुरक्षित आहात, म्हणाली.

"मी हाय गं. मी कुटं म्हनती मी न्हाई?"

फोन लागला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. फिल्बर्टचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा येत होता.

"उत्तरंच्या खिडक्या लावल्यास?"

"लावल्या. खिळं मारलं."

"दक्षिनंची उगडी ठिव. उघडीप पडली की उलट कर. आनि—"

"आनि भाईर जाऊ नको. ठावं हाय. पन धरायला कोन हाय मला?"

"तव्याच्या तिवईला पट्टा बांद. लोखंडी हाय ती, हलायची न्हाई."

"बरं. मडम कशी हायेस? खाल्लंस का?"

"फिल्बर्ट, चेष्टा न्हाई. बांदशील न्हवं?"

"बेंऽऽ," फिल्बर्ट म्हणाला, आणि फोन तुटला. परत लागला नाही.

दुपारी लेनॉक्स टॉवेल घेऊन आला तेव्हा थेरेझिन पडद्यासमोर बसली होती. बेट दिसत नव्हतं. भोवरा त्याच्यावर होता. वरच्या मजल्यावर गाणं लागलं होतं, छतातून नाचणाऱ्यांचे पाय वाजत होते. लेनॉक्स टॉवेल मांडीवर घेऊन तिथंच टेकला. त्याच्या गावाची वादळंही तीच होती.

"आत्ता वारा पडला आसंल," तो हळूच म्हणाला.

थेरेझिनने मान हलवली. शेजारी वर्निस पाठमोरी पडली होती. रडून रडून झोपली होती, अंगात जहाजाने दिलेला पांढरा झगा होता. थेरेझिन तिच्याजवळ सरकली आणि झग्याच्या पट्ट्यात मूठ अडकवून भिंतीला पाठ लावून बसली.

वर्निस जागी झाली. "माय, काय करतीस?"

"गप पड. अजून गेलं न्हाई त्ये."

वर्निस लहानपणी वादळात पडायची तशी गप पडून राहिली. लेनॉक्स कधी उठून गेला ते दोघींना कळलं नाही. वरचं गाणं थांबलं, दुसरं सुरू झालं. थेरेझिनची मूठ सुटली तेव्हा बोटं सरळ होत नव्हती, वर्निसने ती एकेक करून उघडली.

मेक्सिकोला जहाज लागलं. ऊन छान होतं. दोघी उतरल्या नाहीत.

परत मायामीत आल्यावर बेटाकडे विमानं बंद होती, फोन लागत नव्हते, फिल्बर्टची काही खबर नव्हती. थेरेझिन वर्निसच्या खोलीत दाराकडे तोंड करून बसायची. एकदा वर्निस म्हणाली, "तू तितं असतीस तर तूबी..."

"मी तितं असते तर त्यो तितं बसला असता," थेरेझिन म्हणाली. त्यात राग नव्हता. वर्निसलाही ते कळलं आणि म्हणूनच जास्त लागलं.

शेवटी बेटाशेजारच्या ग्वाडेलूपहून मदतीचं सामान नेणाऱ्या बोटीवर थेरेझिनला जागा मिळाली, पाण्याच्या पिंपांमध्ये. बेट दिसलं तेव्हा तिला आधी वाटलं, बोट चुकली. डोंगर हिरवा नव्हता. कुणी भादरून टाकल्यासारखा तपकिरी, झाडांना एक पान नाही. देवळाला छप्पर नव्हतं. तिच्या आळीत एकच छप्पर जागेवर होतं, ते तिचं.

दारात एझलिन बसली होती. तिच्यामागे तिची नातवंडं, आणि आणखी दोन घरांची माणसं. थेरेझिनला बघून एझलिन उठली, पण पुढं आली नाही. तिथंच थेरेझिन सगळं समजली.

"आत ये," एझलिन म्हणाली, घर जणू तिचंच. "बस."

"सांग."

"माजं छप्पर पैल्या अर्ध्यातच गेलं. वारा पडला तशी पोरांस्नी घिऊन तुज्यात पळाले. तर ह्यो तिवईला बांदून घिऊन बसलेला. मी एवड्यातबी हसले बग. म्हनला, हसू नको, खिडक्या बदलायच्यात, सोड मला. मी पट्टा सोडला. त्यानं उत्तरंची खिडकी उगडली, दक्षिनंची लावली, खिळं मारलं. पक्कं केलं. म्हनून तर ह्ये छप्पर ऱ्हायलं." एझलिनने खाली समुद्राकडे हात केला. "मग दारातनं खाली बगितलं. होडी धड हुती."

थेरेझिनने दारातून आत कोपऱ्याकडे बघितलं.

"मी म्हनलं, थेरेझिन काय म्हनंल? तर म्हनला, ती जहाजावर केक खातीया. तेवडी होडी वर वढून येतो. बेंऽऽ केलं आनि गेला."



"दोर?" थेरेझिनने विचारलं.

"कोपऱ्यातला. त्याचा त्यानं उचलला."

थेरेझिनने मान हलवली. फिल्बर्ट नदीच्या तोंडाशी सापडला होता. फादरने छप्पर नसलेल्या देवळात प्रार्थना म्हटली होती आणि गावाने त्याला तिच्या बापाशेजारी पुरलं होतं. ती तिथं गेली, उभी राहिली, फुलं कुठंच नव्हती म्हणून मातीवरचा एक दगड सरळ करून परत आली.

घरात आली तर एझलिनची धाकटी नात रिकामं भांडं चाटत होती. थेरेझिनने मागं ठेवलेलं फरिन एवढ्या माणसांनी कधीच संपवलं होतं. केळीच्या बागा आडव्या झाल्या होत्या, नीरफणस मोडले होते.

"वर कसावा हाय का बगितलं कुनी?" तिनं विचारलं.

"पाला सगळा ग्येला, मा थेरेझिन," मोठी नात म्हणाली.

"पाला खायाचाय व्हय आपल्याला?"

ती चुलीशी गेली. तवा होता तसाच होता. तिवईच्या पायाला फिल्बर्टचा पट्टा अजून वेढा घालून लोंबत होता. इतक्या माणसांनी तिथं दिवस काढले होते, पण त्याला कुणी हात लावला नव्हता. आता तिथं जाळ करायचा तर तो जळला असता. थेरेझिन खाली बसली, पट्टा काढला, त्यावरची राख झग्याला पुसली. मग तो स्वतःच्या कमरेला बांधला. भोकं पुरेनात, म्हणून गाठ मारली आणि कोयता त्यात खोवला.

"एझलिन, किसनी धू. पोतं कुटं गेलं बग, न्हाईतर दुसरं शोद. पिळायला मी आल्याबिगर हात लावू नका."

आणि पोरांना मागं घेऊन ती चिखलातून वरच्या उताराला लागली.