कुणाच्या अंगाला?

बाटली काउंटरवर ठेवायची, पण तिच्यावरचा हात काढायचा नाही. गिऱ्हाईक पैसे पुढे करतंय, मागे पिकअपवाला हॉर्न वाजवतोय, आणि हा माणूस बाटलीवर पंजा ठेवून चष्म्यावरून बघत विचारतोय, "कुणाच्या अंगाला?" उत्तर मिळेपर्यंत पंजा हलायचा नाही.

तुम्हीही असा एखादा दुकानदार पाहिला असेल आणि मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या असतील. मी तर नऊ वर्षं घातल्या. पेठ नाक्याच्या पुढे त्यांचं जनावरांच्या औषधांचं दुकान होतं आणि त्याला लागून माझं ब्यूटी पार्लर. मध्ये प्लायवूडची भिंत, तीही वरपर्यंत न पोचलेली. इकडे शिंकलं की तिकडून "शतायुषी व्हा" यायचं.

सगळे त्यांना भाऊ म्हणत. मूळचे चांदवडकडचे. बायको गेल्यापासून दुकानामागच्या खोलीत एकटेच राहायचे. वय साठीपुढचं, पण मिशी काळीभोर. ती काळी कशी राहते ते मला माहीत होतं. महिन्यातून एकदा, दुपारी माझ्याकडे कुणी नाही असं बघून ते दारात येऊन हळूच म्हणायचे, "ताई, ते काळ्या रंगाचं एक पाकीट द्या." मग मी पाकिटावर पंजा ठेवायची. "कुणाच्या अंगाला?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा लाजले. पुढे गंभीर चेहऱ्यानं सांगायला लागले, "म्हाताऱ्या बैलाच्या."

आमच्या दोघांकडे येणारे प्रश्न तसे सारखेच असायचे. केस गळतात, कोंडा झालाय, अंगाला वास येतो, नखं फार वाढलीत. फक्त कुणाची, ते आधी विचारावं लागे. गंगापूर रोडकडचा एक तरुण मुलगा झिपऱ्या कुत्र्यासाठी शाम्पू न्यायचा. एका महिन्यात तो कुत्र्याला काखेत घेऊन तिसऱ्यांदा आला तेव्हा भाऊंनी पंजा ठेवला. मुलगा म्हणाला, "काका, याच्याच. अजून कुणाच्या?" भाऊ म्हणाले, "कुत्रं एवढंसं, बाटली एवढी." शेवटी त्यानं इकडे तिकडे बघून कबूल केलं, "थोडा मीपण लावतो. त्याचे केस बघा ना, किती सिल्की झालेत." भाऊंनी बोटानं माझं दार दाखवलं. "तिकडं जा. तिथं माणसाचं मिळतं."

दिंडोरीकडची एक म्हातारी म्हशीच्या सडाला लावायचं मलम मागायला आली. कुणाच्या अंगाला विचारल्यावर तिनं चप्पल काढून भेगाळलेली टाचच काउंटरपर्यंत उचलायचा प्रयत्न केला. "हिला. म्हशीला चालतं तर मला का नाय?" भाऊंनी वाकून टाच नीट बघितली आणि मलम दिलं. "टाचंला चालंल, आजी. ओठाला नका लावू." म्हणजे प्रत्येकाला नाही म्हणायचा त्यांचा हट्ट नव्हता. कळलं पाहिजे एवढाच हट्ट होता.

माझा स्वभाव उलटा. मला हात आणि तोंड दोन्ही भराभर चालवायची सवय. मी चिडून म्हणायची, "भाऊ, गिऱ्हाईक आहे की आरोपी?" ते म्हणायचे, "औषधाला कळत नाय ताई, कातडी कुणाची हाय ते. आपल्याला कळाया पाहिजे."

कधी पार्सल आणायला स्टँडवर जायचं असलं की दुकान माझ्यावर टाकून जायचे. शेजारधर्मच तो. जाताना एकच बजावायचे, "वरचं काहीही द्या. खालच्या फळीवरचं देऊ नका. म्हणावं, थांबा, मी येतो." खालच्या फळीवर गोचिडांची, पिसवांची जहाल औषधं असत. मी मान डोलवायची.

आता त्या शनिवारचं सांगते. आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

थंडीचे दिवस होते, शाळांची गॅदरिंगं चालू होती. माझी एक नेहमीची गिऱ्हाईक, दर महिन्याला भुवया करायला येणारी, तिच्या आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीचं नाव जुई. दुसऱ्या दिवशी गॅदरिंगमध्ये नाच होता आणि बाईंनी सगळ्या मुलींचे केस एकसारखे कापून आणायला सांगितले होते. मी जुईच्या मानेवरचे केस उचलले आणि हात मागे घेतला. उवा आणि लिखा, नुसत्या भरलेल्या.

हे हळू सांगता आलं असतं. मी सांगितलं ते समोर बसलेल्या तिन्ही बायकांना ऐकू जाईल असं. "हिला आधी साफ करा, मग आणा. माझे कंगवे काय उकळत बसू?" एका बाईनं बाकावरची पर्स उचलून मांडीवर घेतली. जुईच्या आईचे कान लाल झाले. ती म्हणाली, "मॅडम, उद्याच गॅदरिंग आहे हो."

"मग आजच काढा," मी म्हणाले.

ती मुलीचा हात धरून गेली. मी पुढचं काम घेतलं.

दुपारी भाऊ पार्सलला गेले. माझ्याकडे एका बाईच्या चेहऱ्यावर ब्लीच लावलेलं होतं, आणि ब्लीच वेळेत पुसलं नाही तर कातडी जळते. तेवढ्यात भाऊंच्या काउंटरवर कुणीतरी नाणं वाजवलं. मी धावत गेले. एक बाई उभी होती, डोळे तेवढे सोडून सगळ्या तोंडाला स्कार्फ बांधलेला. आपल्याकडे निम्म्या बायका तशाच फिरतात, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

"गोचिडाचं औषध द्या," ती हळू म्हणाली.

खालची फळी. मला आठवलं, आठवलं नाही असं नाही. पण डोक्यात ब्लीच होतं. मी बाटली काढली आणि पैसे गल्ल्यात टाकले. तिनं विचारलं, "किती लावायचं असतं?" मी वळता वळता म्हणाले, "लिहिलंय त्याच्यावर." त्यावर मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं असतं, ते मला ठाऊक होतं.

भाऊ आले ते अर्ध्या तासानं. खोकं खाली ठेवायच्या आधीच त्यांना फळीवरची रिकामी जागा दिसली. त्यांनी प्लायवूडवर टकटक केलं.

"ताई, कोण आलं होतं?"

"एक बाई. गोचिडाचं घेऊन गेली."

"कुणाच्या अंगाला?"

मी बाहेर आले. "विचारलं नाही, भाऊ. घाईत होते."

ते रागावले नाहीत. उलट आवाज खाली गेला. "कशी होती? आठवा."

आठवायला होतं काय? स्कार्फ, डोळे आणि भुवया. आणि त्या भुवया मीच केलेल्या होत्या. डाव्या भुवईच्या शेवटी जुन्या खोकेची रेघ आहे, तिथं केस येत नाहीत, म्हणून त्या बाजूला मी जरा जाड ठेवते. आपलं काम आपल्याला ओळखू येतं. तेव्हा आलं नाही, कारण मी बघितलंच नव्हतं.

"जुईची आई," मी म्हणाले. "भाऊ, ती तर तिसऱ्या मजल्यावर राहते. तिच्याकडे जनावर कुठलं?"

तोवर ते शटर ओढायला लागले होते. मी दोनदा फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. "भांड्याचा साबण घ्या," ते म्हणाले. ब्लीचवाल्या बाईचं काम उरकलेलं होतं, तिला दार ओढून घ्यायला सांगून मी त्यांच्या स्कूटरवर बसले.

लाल सिग्नलला पहाटेही थांबणारा माणूस त्या दिवशी मखमलाबाद नाक्याचा सिग्नल तोडून गेला. समोर बघतच त्यांनी विचारलं, "पाण्यात मिसळायला सांगितलं का?"

मी स्कूटरची मागची कडी घट्ट धरली.

"ताई, झाकणभर बादलीत टाकायचं असतं. सांगितलं का?"

"नाही."

त्यांनी स्कूटरचा वेग आणखी वाढवला.

तिसऱ्या मजल्यावर तिच्या दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, गच्चीवर असतील, पोरीला नाहू घालायचंय. भाऊ त्या वयात दोन दोन पायऱ्या चढत गेले. वर उन्हात प्लास्टिकच्या स्टुलावर जुई बसली होती. डोक्याला कॅरीबॅग, तिच्यावर टॉवेल, आणि गाठ घट्ट. उवांचं औषध असंच लावून ठेवतात ना, तसंच तिच्या आईनं केलं होतं, गोचीड मरतो त्यानं उवा एका दिवसात जातील या आशेनं. ती बाजूला हातात फणी घेऊन वेळ व्हायची वाट बघत होती. स्कार्फ गळ्यात होता.

"बाळा, झोप येती का?" भाऊंनी विचारलं.

"येतेय," जुई म्हणाली. तिच्या ओठाच्या कडेनं लाळ गळत होती.

त्यांनी टॉवेल आणि पिशवी ओढून काढली आणि तिला उचलून टाकीच्या नळाखाली धरलं. "डोळं मीट. तोंड मीट. घट्ट." साबण, पाणी, परत साबण. पाणी बर्फासारखं होतं, पोरगी थरथरत होती. तिची आई ओरडत पुढे आली, "अहो, काय करताय?" मग तिला मी दिसले आणि ती थांबली. मी कट्ट्यावरच्या बाटलीकडे बोट दाखवून मान हलवली. तिनं हातातल्या फणीकडे बघितलं आणि मटकन खाली बसली.

"बसू नका," भाऊ म्हणाले. "बाटली घ्या बरोबर. डॉक्टरला दाखवाया लागंल."

रिक्षात जुईला दोनदा उलटी झाली. मान लटकायला लागली की भाऊ तिला हलवून विचारायचे, "नाचात तू कुठं असती? पुढं का मागं?"

"पुढं."

"पुढं म्हंजी कितवी?"

"दुसरी."

"पहिली कोण मग?" असं करत त्यांनी तिच्याकडून अख्ख्या नाचाची रांग वदवून घेतली. दवाखाना आला तेव्हा शेवटच्या ओळीतल्या चार मुली राहिल्या होत्या.

डॉक्टरांनी मुलीला आत घेतलं. थोड्या वेळानं बाटली हातात घेऊन ते बाहेर आले. "हे जनावरांचं आहे. कुणी दिलं?"

जुईच्या आईनं माझ्याकडे बघितलं. मी फरशीकडे बघितलं.

"मी दिलं," भाऊ म्हणाले. "विचारायचं राहिलं."

डॉक्टर त्यांना वाट्टेल ते बोलले. ते मान खाली घालून ऐकत राहिले. अंगावरचा सदरा भिजलेला होता आणि हात कोपरापर्यंत लाल झाले होते, ते कुणाला दिसलं नाही. डॉक्टर गेल्यावर मी म्हणाले, "भाऊ, मी सांगते त्यांना."

"काय सांगता? काउंटर माझा होता."

"पण दिलं मी."

"तुम्हाला अजून वीस वर्षं तिथं बसायचंय, ताई."

डॉक्टरांच्या खोलीचं दार पाच-सहा पावलांवर होतं. मी गेले नाही. नंतर स्वतःला बरीच कारणं देऊन बघितली. खरं कारण एकच, मला भीती वाटली.

जुई वाचली. तिसऱ्या दिवशी घरी आली. गॅदरिंग हुकलं, टाळूची कातडी भाजल्यासारखी झाली होती, केस सगळे काढावे लागले. पण वाचली. हे मी अजून रोज एकदा स्वतःला सांगते.

भाऊंचं दुकान मात्र वाचलं नाही. जुईच्या मामानं काउंटरसमोर उभं राहून आरडाओरडा केला, कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला, आणि तो सगळ्या परिसराच्या मोबाईलवर फिरला. कागदपत्रं तपासायला साहेब येऊन गेले. गिऱ्हाईक तुटलं. गाळ्याच्या मालकानं दुसरी जागा बघा म्हणून सांगितलं. मला याचा फार राग येतो. कुणाचा, ते विचारू नका. जो माणूस जन्मभर विचारत बसला म्हणून लोक वैतागले, तो न विचारता औषध देणारा म्हणून ओळखला गेला, आणि खरं माहीत असलेल्या आम्ही दोघी बायका तोंड शिवून बसलो.

जायच्या दिवशी ते माझ्या दारात आले. मला वाटलं, मिशीचं पाकीट. त्यांनी खिशातून बारीक दातांची एक लाकडी फणी काढून दिली.

"पोरीचे केस आले की हिनं उवा काढा. ओल्या केसातनं, तेल लावून. औषधाची गरज नाय पडत."

मी फणी घेतली. ते जायला वळले आणि थांबले.

"आन ताई, हळू सांगत जा. त्या दिवशी सकाळी मला भिंतीतनं ऐकू आलं होतं सगळं. पोरगी, उवा, उद्या गॅदरिंग. ऐकलं, तरी खालची फळी उघडी टाकून मी पार्सलला गेलो." मग पायात चप्पल सरकवत म्हणाले, "म्हणून म्हटलं, काउंटर माझा होता."

टेम्पोत पुढं ड्रायव्हरशेजारी बसून गेले. आता चांदवडला शेळ्या सांभाळतात असं कुणीतरी सांगितलं. एसटीनं दीड तासाचा रस्ता आहे. मी अजून गेलेले नाही. शेजारी मोबाईल कव्हरचं दुकान आलंय, दिवसभर गाणी लावतात. खेड्यावरून एखादा म्हातारा पिशवी घेऊन येतो आणि मला विचारतो, "हितलं औषधवालं भाऊ कुठं गेलं?" मी म्हणते, गावाला.

जुईची आई अजून दर महिन्याला भुवया करायला येते. दुसरीकडे का जात नाही, मी विचारलेलं नाही. जुईलाही आणते. तिचे केस मानेपर्यंत आलेत, मी तेल लावून त्या फणीनं विंचरते आणि त्याचे पैसे घेत नाही. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नाही.

परवा ती खुर्चीत मान मागे टाकून, डोळे मिटून बसली होती. मी डाव्या भुवईवर होते, त्या खोकेपाशी. ती डोळे न उघडता म्हणाली, "मॅडम, त्या काकांना कुणी कळवलं का हो, जुईचे केस आले म्हणून?"

दोरा माझ्या दातांत होता. दातांत दोरा असताना बोलता येत नाही, हे तिलाही माहीत आहे. एरवी दोन मिनिटांत होणारी ती भुवई मी त्या दिवशी कितीतरी वेळ करत राहिले.