माझ्याच हातात बंद पडणारी गाडी

पप्पांची जुनी गाडी मी कितीतरी वर्षं चालवली, आणि तिनं मला जितकं छळलं तितकं सासूनंही छळलं नसतं. जालना रोडवर भर गर्दीत एकदम सगळं गप्प. इंजिन, हॉर्न, मीटरचे दिवे, सगळं! मागून शिव्या. थोड्या वेळानं आपोआप चालू. मेकॅनिककडं न्यावी तर तिथं अगदी शहाण्यासारखी वागायची. बॅटरी बदलली, फ्यूज बदलले, वायरिंग तपासून झालं. फरक काही पडला नाही.

धाकटा भाऊ पुण्याहून सुट्टीला यायचा, पप्पांना करमाडपर्यंत फिरवून आणायचा, आणि एकदाही बंद पडायची नाही! "त्याच्या हाताला गुण हाय," पप्पा म्हणायचे. "तुला गाडी कळतच नाय." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. दवाखान्यात नेणारी मी, सिलिंडर आणणारी मी, आणि गुण त्याच्या हाताला व्हय? मागच्या सीटवर बसून मी मनात म्हणायचे, पड की बंद, बये, आत्ता पड! लई जळायचे मी त्याच्यावर.

यंदा पप्पांनी जाहीरच केलं, गाडी भाऊ पुण्याला नेणार. माझी नोकरी शेंद्र्याला, कामाच्या पाळ्या वेड्यावाकड्या, गाडीशिवाय मी जाणार कशी? "रिक्षा हाय की," पप्पा म्हणाले.

भाऊ निघायच्या आदल्या दिवशी मी कामावरून येत होते. चिकलठाण्याजवळ खड्ड्यात चाक गेलं आणि सगळं गप्प. किल्लीला लटकलेला जुडगा तेवढा झुलत होता. घराची, गेटची, पाण्याच्या मोटारीच्या खोलीची, पप्पांच्या गोळ्यांच्या कपाटाची, सगळ्या किल्ल्या त्याच कडीत. मी जुडगा हातानं उचलून धरला, दिवे लागले. सोडला, गेले. अगं बाई! किल्ली घालायचं ते झिजलेलं कुलूप या ओझ्यानं खाली ओढलं जात होतं. भाऊ दुसरी किल्ली वापरायचा, एकटीच. त्याला दुसरं काही उघडायचंच नसायचं.

घरी येऊन दोघांना दाखवलं. वाटलं, आता तरी पप्पा म्हणतील, गाडी राहू दे हिच्याकडं. पप्पा खूश झाले. "बरं झालं सापडलं. आता पुण्यापर्यंत काळजी नाय."

माझं डोकंच फिरलं. जुडगा भावाच्या हातावर आपटला. "गाडी नेतोस ना? मग हे बी ने सगळं!"

त्यानं जुडग्यातून गाडीची किल्ली तेवढी सोडवून घेतली. बाकीच्या माझ्या हातात देत म्हणाला, "ह्या तुझ्याकडंच बऱ्या, ताई."