मॅक्सअण्णाचा निकाल

श्रावणातल्या एका सोमवारी माझे साडू कागलच्या कारखान्यात खुर्चीवर बसलेले असताना गेले. जेवणाची सुट्टी झाली, बाकीचे उठले, ते उठले नाहीत.

कोल्हापुरात जन्म काढून 'आमचंच भारी' हे दोन शब्द ज्याच्या तोंडून कधी निघाले नाहीत, असा माणूस त्रिभुवनात एकच झाला आणि तो माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. साडू हे नातंच मुळात तुलनेच्या पोटी जन्मतं. दोन अनोळखी पुरुषांनी दोन सख्ख्या बहिणींशी लग्न करायचं आणि मग जन्मभर सासरवाडीच्या तराजूत समोरासमोर बसायचं. कुणाची गाडी मोठी, कुणाचं घर स्लॅबचं, दिवाळीला कुणी भारीतली साडी आणली. त्यात मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करणारा, चार माणसांत तोंड उघडायला दहा वेळा विचार करणारा. ते कारखान्यात संगणकाचं सगळं बघणारे, आणि आवाज असा की फोन न लावताही पलीकडच्या गावाला ऐकू जावा. माझं पारडं हवेत लोंबकळणार हे ठरलेलंच होतं. पण हा गृहस्थ तराजूत बसायलाच तयार नव्हता. "सर, तुलना करायला फंक्शन हाय की," असं ते मला पहिल्याच भेटीत म्हणाले. मला वाटलं, कुठला तरी समारंभ असावा.

त्याचा उलगडा मला पुढे कैक वर्षं होत राहिला. कारखान्यात ओतलेल्या लोखंडी भागांची जाडी एक यंत्र ठिकठिकाणी मोजायचं आणि त्या आकड्यांतला सर्वांत मोठा कुठला, हे यांच्या प्रोग्रॅमनं सांगायचं. दोन आकड्यांत मोठा कोण हे ठरवायला संगणकाच्या भाषेत पायलीच्या पन्नास वाटा आहेत म्हणे. साडूंची श्रद्धा मात्र एकीवरच. गणिताचं एक तयार फंक्शन त्या भाषेतच येतं, मॅथ डॉट मॅक्स. त्याच्या कंसात हवे तितके आकडे टाका, ते त्यातला मोठा उचलून हातात ठेवतं. साडू त्याला 'मॅक्सअण्णा' म्हणत, आणि लहानात लहान आकडा शोधणारं त्याचं भावंड ती 'मिनअक्का'. त्यांचं आजोळ सीमेपलीकडचं, कर्नाटकातलं, त्यामुळे थोरामोठ्यांना अण्णा-अक्का म्हणायची जिभेला सवय होती. एकदा ऑफिसात नव्याने लागलेल्या मुलीने आठ आकड्यांसाठी 'जर हा त्याच्यापेक्षा मोठा असेल तर, नाहीतर तो ह्याच्यापेक्षा' अशी लांबलचक शिडी लिहिली. साडूंनी ती वाचली आणि मशीन शॉपलाही ऐकू जाईल असं विचारलं, "पोरी, ही काय भावकीची बैठक भरीवल्यास व्हय? ह्यो त्येच्यापरास मोठा, त्यो ह्येच्यापरास मोठा! उद्या बांधावर कुऱ्हाडी निघतील की!" मग ती शिडी पुसून त्यांनी एका ओळीत अण्णाला पाचारण केलं. "बघ. मोठा आकडा सांगतो, पण कुणाचा त्ये सांगत न्हाय. गुमान काम. कुणाच्या डोळ्यात पाणी न्हाय." साहेब मात्र या गुमान कामाला वैतागत, कारण जाडी कुठल्या जागी वाढली हेही त्यांना हवं असे. "अण्णा चहाड्या करत न्हाय," असं साहेबांना सुनावून साडू जागेवर येत आणि ते दाखवणारी वेगळी ओळ निमूटपणे लिहून देत.

हा धर्म ते ऑफिसबाहेरही पाळत. दोन साड्या पुढे धरून "कुठली चांगली दिसते?" असं आमच्या मोठ्या मेहुणीबाईंनी विचारलं, की "दोन्ही घे" याखेरीज उत्तर नाही. या तत्त्वनिष्ठेपायी त्यांच्या घरातलं कपाट बंद होईनासं झालं होतं. एकदा आम्ही दोघे मिसळ खायला गेलो, तर शेजारच्या बाकावर दोन पैलवानी देहांची, कुठल्या पेठेतली मिसळ भारी यावरून जुंपलेली. एकाने साडूंना साक्षीला ओढलं. साडू शांतपणे म्हणाले, "दोघांनीबी आकड्यात सांगा. मग अण्णाला इचारतो." ते दोघे भांडण विसरून एकदम यांच्यावरच उलटले. "पावणं, तुमी कोल्हापूरचं न्हाय वाटतं?" इतका मोठा अपमान मी त्यांच्या जागी असतो तर सोसला नसता. साडूंनी दोघांचेही चहाचे पैसे दिले.

मला स्वतःला त्या अण्णाची एकच गोष्ट फार आवडली होती. कंसात एकही आकडा न टाकता त्याला 'मोठा कोण' विचारलं, तर तो काय म्हणतो, असं मी सहज विचारलं होतं. मला वाटलं, शून्य म्हणेल. "उणे अनंत," साडू म्हणाले. "आता आसं बघा सर. अजून कुणीच आलं न्हाय. पुढनं जो कोण पयला यील, त्यो मोठा ठराय पायजे. म्हणून अण्णा आदीच सगळ्यांच्या खाली जाऊन बसतो." हे सांगताना ते लग्नाच्या मांडवात, सतरंजीच्या टोकाला, चपलांच्या ढिगाशेजारी मांडी घालून बसले होते. पुढे जावयांसाठी मांडलेल्या गाद्या तशाच रिकाम्या होत्या.

पण त्यांच्या या वेडाची खरी कसोटी लागली ती मुलींच्या बारावीच्या निकालाला. त्यांची ऋता आणि माझी मुक्ता एकाच वर्षीच्या. आमच्या मेहुण्याच्या बाळाचं बारसं होतं, म्हणून आम्ही सगळे मलकापूरजवळ सासरवाडीला जमलो होतो आणि निकाल नेमका त्याच दुपारी लागला. ऋताला एक्क्याण्णव टक्के पडले, मुक्ताला त्रेपन्न. मुक्ता आतल्या खोलीत गेली आणि तिने कडी लावली. तिची आई दाराशी बसून राहिली. आतून एवढंच ऐकू आलं, "आबा आता सगळ्यांसमोर बोलणार. मी परत या घरात पाऊल ठेवणार नाही." प्रत्येक मे महिना त्या घरात काढलेली मुलगी. आणि बोललेलं करून दाखवणारी.

आबा म्हणजे माझे सासरे. मनाने वाईट नाहीत. पण त्यांना शेजारच्या गोठ्यातल्या म्हशीशीही आपली म्हैस ताडून पाहिल्याशिवाय धार गोड लागत नाही. पंगत मांडली जात होती, पाहुणे ओसरीवर दाटले होते, आणि आबांनी घसा खाकरला. "थोरल्या पावण्यांच्या लेकीला एक्क्याण्णव! आन धाकल्या पावण्यांच्या..."

"थांबा आबा," साडू ओरडले. "तोंडी नको. ह्ये काम रीतसर करू."

त्यांनी पिशवीतून लॅपटॉप काढला आणि पाळण्याशेजारच्या स्टुलावर मांडला. घरातल्या प्रत्येकाने आपापले शेवटच्या परीक्षेचे मार्क सांगायचे, मोठा कोण ते मॅक्सअण्णा ठरवील. कोल्हापुरी माणसाला स्पर्धेचं आमंत्रण पुरतं. मेहुणा अठ्ठेचाळीस सांगून मोकळा झाला. त्याची बायको बासष्ट म्हणाली आणि नवऱ्याकडे न बघता पदर सारखा करू लागली. चुलत सासरे म्हणाले, "मी धावीला तीनदा बसलतो. तिन्हीचं लिवू का बेरीज करू?" ऋताचा आणि मुक्ताचा आकडाही साडूंनी काही न बोलता टाकला. राहिले आबा.

"तुमचं किती, आबा?"

"पास."

"आवं, किती टक्के?"

"पास म्हंजे पास! लिवा की!"

साडूंनी एक्क्याण्णव, त्रेपन्न, अठ्ठेचाळीस यांच्या रांगेत इमानदारीत 'पास' असं लिहिलं आणि बटण दाबलं. पडद्यावर तीन इंग्रजी अक्षरं उमटली. मेहुण्याने ती मोठ्याने वाचली, "नॅन."

"ही कोण?" आबा.

"अण्णा म्हणतोय, आकडा न्हाय," साडूंनी जाहीर केलं. "एक जण जरी आकड्यात बसला न्हाय, तर अण्णा समद्या घरालाच आकडा न्हाय म्हणतो. त्येच्यात वशिला चालत न्हाय."

"मग माझं नाव काढा त्येच्यातनं!"

"त्ये पोरी काढतीलच की, आबा. शिकत्यात कशाला?"

ओसरी खो खो हसली. बाळ दचकून रडू लागलं. त्या गोंधळात आतल्या खोलीची कडी निघाली आणि मुक्ता सुजलेल्या डोळ्यांनी उंबऱ्यात येऊन उभी राहिली. "काका," ती साडूंना म्हणाली, "आबांना किती पडले होते ते मला माहीत आहे. आजीनं सांगितलंय."

आबा गडबडीने उठले. "गप गं भवाने! ये, हितं बस माझ्या शेजारी. वाढा रं हिला आदी!" मुक्ता आबांच्या शेजारी बसून जेवली. तो आकडा तिने मलाही कधी सांगितला नाही.

परतीच्या वाटेवर मी साडूंना विचारलं, हे सगळं मुद्दाम केलं का. ते गाडी चालवता चालवता म्हणाले, "आबा मार्क सांगत न्हाईत ह्ये मला लगीन झाल्यापास्नं म्हाईत हाय, सर." मी म्हटलं, "आणि सांगितले असते तर?" "तर एक्क्याण्णवच आला असता. अण्णा नाव सांगत न्हाय, पण माणसं सांगत्यात की. लई भ्यालतो." मागच्या सीटवर त्या दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकी टाकून झोपल्या होत्या. त्या प्रवासात साडूंनी आवाज खाली ठेवला होता. मी त्यांना हळू बोलताना ऐकलं ते तेवढंच.

तेराव्याला आबा आले होते. बोलायचं म्हणून कुणी तरी म्हणालं, "गुणी जावई होता." आबांनी सवयीने माझ्याकडे पाहिलं, मग नजर खाली घेतली. दिवसकार्य आटोपल्यावर मुक्ता ऋताला घेऊन आमच्याकडे आली. दोघी एका ताटात जेवल्या.

सासरवाडीला आता एक जावई उरला आहे. तो मी.