शिक्षेबद्दलचं म्हणणं

हिंगोलीच्या कोर्टात मी कारकून होतो. भावाच्या खुनात दोषी ठरलेला एक माणूस पिंजऱ्यात उभा होता. त्याच्यासाठी गावाहून कुणीच आलं नव्हतं. तो सारखा खांद्यावरून नसलेलं काहीतरी झटकायचा.

"शिक्षेबद्दल काही सांगायचंय?" न्यायाधीशांनी विचारलं.

तो माझ्याकडे वाकून पुटपुटला, "बाबू, भाऊ इथंच बोलून राहिला. त्याला आधी गप करा, मंग सांगतो."

"काय म्हणतो?" साहेबांनी मला विचारलं.

जेवणाची वेळ झाली होती. "काही नाही, साहेब," म्हणत मी 'आरोपीस काही सांगायचे नाही' हे नेहमीचं वाक्य लिहिलं. खरं सांगितलं असतं, तर त्यांनी शिक्षेआधी डॉक्टरांना बोलावलं असतं. जन्मठेप झाली.

जाताना त्यानं विचारलं, "सांगितलं ना, बाबू?"

मी मान डोलावली. सांगतोय मात्र आज.